सेल्वीच्या घरचं इंग्रजी

इंग्रज माणूस आजारी पडला की पुस्तकातलं इंग्रजी बोलत नाही. त्याला वांती होत नाही, तो 'थ्रो अप' करतो. त्याची शुद्ध हरपत नाही, तो 'पास आउट' होतो, आणि शुद्धीवर आला की 'कम राउंड' होतो. अंगावर पुरळ 'ब्रेक आउट' होतं, सूज 'गो डाउन' होते, आणि शेवटी माणूस मरत नाही, 'पास अवे' होतो. हे सगळं तंजावूरच्या दक्षिण वीथीतल्या एका घराच्या माडीवर, इंग्लंड कधीही न पाहिलेली एक बाई, इंग्लंडला निघालेल्या नर्सेसना शिकवत आली आहे. ती बाई मी.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर विचारलं होतं, "तुमच्याकडे अजून मराठी बोलतात?" बोलतात. आमच्या घराण्यांना इथे तीनशेहून जास्त वर्षं झाली, तमिळ शेजारी आम्हांला 'रायर' म्हणतात, आणि घरात आम्ही जी मराठी बोलतो ती जशीच्या तशी इथे उतरवली असती तर तुम्हांला निम्मी जुनी वाटली असती आणि उरलेली तमिळ. वडिलांनी हट्टानं देवनागरी शिकवली, म्हणून लिहू शकते. पुण्याच्या आतेबहिणीनं हा मजकूर तपासून दिला आहे. चुका उरल्या असतील तर त्या माझ्या.

मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले तेव्हा शेजारची एक नर्स येऊन म्हणाली, "टीचर, व्याकरण मला येतं. पेशंट काय बोलतो ते कळत नाही." परदेशात नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. त्यात एक भाग संवादाचा असतो. समोरचा परीक्षक पेशंट होतो, नाहीतर पेशंटचा नातेवाईक, आणि नर्सनं त्याच्याशी बोलायचं. त्या मुलीला शिकवलं, ती पास झाली, तिनं दुसरीला पाठवलं. असा तो वर्ग सुरू झाला. मी पेशंट व्हायचे. दम्याची म्हातारी, रागावलेला मुलगा, घाबरलेली गरोदर बाई. नाटकात काम करायची हौस मला लहानपणापासून होती. ती अशी भागली.

या क्रियापदांना फ्रेजल व्हर्ब म्हणतात. साधं क्रियापद घ्यायचं, त्याच्यामागे एक बारका शब्द लावायचा, की अर्थ कुठच्या कुठे जातो. आपल्याकडे नाही असं नाही. 'तो बोलून गेला' यात कोणी कुठे जात नाही. 'ती काहीतरी करून बसली' यात कोणी बसत नाही. मराठी आईच्या मांडीवर वाढलेल्या पोराला हे शिकवावं लागत नाही, आणि बाहेरच्याला कितीही शिकवलं तरी पुरत नाही. ओरत्तनाडूची एक मुलगी होती. मी रडवेला चेहरा करून म्हटलं, "माय मदर पास्ड आउट यस्टरडे." आपल्या देशात पास आउट होणं म्हणजे पदवी मिळवणं. तिनं माझा हात धरला आणि हसून म्हणाली, "कंग्रॅच्युलेशन्स मॅडम! विच कॉलेज?" वर्ग पोट धरून हसला. मीही हसले. त्या काळात वर्गात हसू पुष्कळ असायचं.

सेल्वी त्याच वर्गात होती. ती पापनाशमची. इथल्या एका खाजगी दवाखान्यात काम करायची आणि ड्यूटी संपली की पांढऱ्या गणवेशातच माझ्याकडे यायची. पायरीवर बसून डब्यातला ताकभात खायची, हात धुवायची आणि वर येऊन सगळ्यांत पुढे बसायची. फार हुशार नव्हती. पण एकदा चुकलेली गोष्ट ती पुन्हा चुकत नसे. मला ती आवडायची ते तिच्या ऐकण्यामुळे. मी रागावलेला मुलगा होऊन तिच्या अंगावर ओरडले की बाकीच्या मुली मागे सरकायच्या; सेल्वी थोडी पुढे झुकायची.

पहिल्या दिवशी तिला सोडायला तिचे वडील आले होते. मुरुगेसन वीजमंडळात लाइनमन होते, नुकतेच निवृत्त झालेले. उंच, काळेसावळे, खांबावर चढून चढून पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या. माझ्याशी ते मुद्दाम इंग्रजीत बोलले. "आय नो इंग्लिश, रायरम्मा. फुल सर्व्हिस, इंग्लिश ओन्ली. फ्यूज, फीडर, ट्रिप, शटडाउन. ऑल इंग्लिश." मुलगी लाजून खाली बघत होती. मी म्हटलं, "मग तुमच्या घरात निम्मं इंग्रजी आहेच. उरलेलं मी शिकवते." ते खूश झाले.

सेल्वी परीक्षा पास होऊन इंग्लंडला गेली. पहिला हिवाळा तिला फार जड गेला, पण दर रविवारी आई-वडिलांना फोन आणि अधूनमधून मला. एकदा तिनं सांगितलं, "टीचर, वॉर्डात एक आजोबा होते. मला म्हणाले, 'आय अ‍ॅम स्लिपिंग अवे, लव्ह.' मला वाटलं, पलंगावरून घसरताहेत. मी कठडे वर केले, पायांत न घसरणारे मोजे घातले, उशी नीट केली. ते नुसते बघत राहिले, मग थँक्यू म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले." जरा थांबून म्हणाली, "स्लिप अवे म्हणजे तेच ना टीचर? हळूच जाणं?"

"तेच," मी म्हटलं.

"मला कळलं असतं तर मी कठडे वर केले नसते. बाजूला बसले असते."

तेव्हापासून मी ते वाक्य वर्गात शिकवते. आजोबांची गोष्ट सांगूनच शिकवते, म्हणजे विसरत नाहीत.

दोन हिवाळे गेले. एका सकाळी मी दारात कोलम, म्हणजे इथली रांगोळी, काढत होते, तेव्हा मुरुगेसन येऊन उभे राहिले. पापनाशमहून पहिल्या बसनं आले होते. चप्पल काढून ओट्यावर बसले. चेहऱ्यावर काळजी होती, पण घाबरलेले नव्हते, हे मला नीट आठवतं. हे सगळं बोलणं तमिळमध्ये झालं. इथे मराठीत लिहिते.

"सेल्वी आजारी आहे, रायरम्मा. त्यांच्याच हॉस्पिटलात दाखल केलंय. मूत्रपिंडाला काहीतरी झालं, ते रक्तात पसरलं म्हणे. काल तिथल्या डॉक्टरचा फोन होता. दुभाषा देऊ का म्हणाले. मी म्हटलं, नको, आय नो इंग्लिश."

"काय म्हणाले डॉक्टर?"

"काळजीचं आहे, पण मार्ग आहे. किडनी शटडाउनला आहे म्हणाले. लिव्हरसुद्धा."

मी रांगोळीचं पीठ खाली ठेवलं.

आमच्या तमिळनाडूत 'शटडाउन' हा शब्द शाळेतल्या पोरालाही माहीत असतो. महिन्यातून एकदा वीजमंडळ तारा आणि रोहित्रं दुरुस्त करायला दिवसभर वीज बंद ठेवतं. सकाळी जाते, संध्याकाळी येते. मुरुगेसन जन्मभर ते शटडाउन घेत आले होते. वरच्या कचेरीला कळवायचं, लाइन बंद करायची, खांबावर चढायचं, काम उरकायचं, खाली उतरून लाइन चालू करायची.

"संध्याकाळपर्यंत सप्लाय येईल असं नाही म्हणत मी," ते म्हणाले. "माणसाचं शरीर आहे, चार दिवस लागतील. पण शटडाउनच आहे. सेल्वीच्या आईला, सरोजालाही मी तेच सांगितलं. ती कालपासून देवीपुढे बसली होती; हे ऐकल्यावर उठून जेवली."

मी विचारलं, "अण्णा, डॉक्टरांचं वाक्य आठवतं? जसंच्या तसं?"

त्यांनी डोळे मिटले. पाठ केलं होतं त्यांनी. "'हर ऑर्गन्स आर शटिंग डाउन.'"

फरक एवढासाच आहे, आणि तो मला त्या ओट्यावर बसून सांगायचा होता. परीक्षेला आलेल्या मुलीला मी अर्ध्या मिनिटात सांगितला असता. शेवटी म्हटलं, "अण्णा, हे शटडाउन कोणी घेतलेलं नाही. दुरुस्तीसाठी बंद केलेलं नाही. आपोआप बंद पडत चाललंय."

त्यांनी अगदी कामावरच्या आवाजात विचारलं, "म्हणजे ट्रिप होतंय?"

"हो."

"एकामागून एक?"

"हो."

"मग मुख्य लाइनच, फीडरच जातोय," ते म्हणाले. समोरून एक टाउन बस गेली, फुलवाली हाक मारत गेली. मग ते म्हणाले, "डॉक्टर आणखी एक म्हणाले होते. 'शी मे नॉट पुल थ्रू.' मी तिथं लक्ष दिलं नाही. पुल म्हणजे ओढणं. तार ओढतात तसं काहीतरी नळी ओढायचं असेल, असं वाटलं."

'पुल थ्रू' म्हणजे दुखण्यातून तरून जाणं. तो अर्थ त्यांनी मला विचारला नाही, आणि मीही सांगितला नाही. त्यांना कळला होता.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी व्हिडिओवर बोलणार होते. मी म्हटलं, हॉस्पिटलचा तमिळ दुभाषा घ्या, ते लोक चांगले असतात. त्यांनी मान हलवली. "ओळख नसलेल्या माणसाच्या तोंडून नको. तुम्ही या."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पापनाशमला पोचले. छोटं सिमेंटचं घर, दारात मोगऱ्याचा वेल, भिंतीवर सेल्वीचा पदवीच्या झग्यातला फोटो. त्याला अजून हार नव्हता, आणि माझी नजर तिथे जाऊन परत फिरली. तिची आई सरोजा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. तिला मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, सेल्वी निघाली तेव्हा बसस्टँडवर. तिनं मला 'या' म्हटलं नाही. मुरुगेसननी फोन स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केला.

डॉक्टर बाई होत्या, वयानं सेल्वीपेक्षा फार मोठ्या नसतील. निळे कपडे, केस मागे घट्ट बांधलेले. त्यांच्याशेजारी एक गोरी, ठेंगणी नर्स बसली होती. ती जेनेट, सेल्वीच्याच वॉर्डातली; तिचं नाव सेल्वीच्या फोनमधून मला माहीत होतं. डॉक्टरनी विचारलं, दुभाषा देऊ का? मुरुगेसननी माझ्याकडे बोट दाखवलं. "हर टीचर," ते म्हणाले. जेनेटनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टर सावकाश बोलत होत्या, चांगलं बोलत होत्या. पण ज्या भाषेत आपण जन्मतो ती भाषा कठीण वेळी आपोआपच तोंडात येते. त्यांच्या तोंडातही ती आली. आदल्या दिवशी सेल्वीचं हृदय थांबलं होतं. ते पुन्हा चालू केलं, पण मेंदूला फार वेळ रक्त मिळालं नव्हतं. "शी इज नॉट गोइंग टु कम राउंड." मग, "वुइ हॅव रन आउट ऑफ थिंग्ज टु ट्राय." मग थोडं थांबून, "वुइ'ड लाइक टु टर्न द मशीन ऑफ."

प्रत्येक वाक्यानंतर घरातले दोन चेहरे माझ्याकडे वळत होते. ही सगळी वाक्यं मी किती वर्षं माडीवर बसून म्हणत आले होते. कधी मी नातेवाईक व्हायचे आणि मुली मला ती सांगायच्या, कधी उलट. पण आमच्या नाटकात सांगणाऱ्याला गुण मिळायचे आणि ऐकणारी मी खुर्चीतून उठून चहा करायला जायचे.

मी एक एक करून सांगितलं. ती शुद्धीवर येणार नाही. करण्यासारखं होतं ते सगळं करून झालं. तिसऱ्या वाक्याला मी अडले. तमिळमध्ये दिवा विझवणं, यंत्र बंद करणं याला जे क्रियापद आहे, अणैक्क, तेच पोटाशी धरण्यालाही आहे. आईसमोर तो शब्द तोंडातून काढवेना. मी म्हटलं, "यंत्र थांबवतील."

मुरुगेसन ताठ बसले होते. "मला विचारताहेत? मी हो म्हणायचं? बापानं?"

डॉक्टर म्हणाल्या होत्या 'वुइ'ड लाइक टु'. 'आम्हांला करायला आवडेल.' शब्दाला शब्द लावला तर परवानगी मागितल्यासारखं वाटतं. पण इंग्रजीत कठीण गोष्ट सांगताना असं बोलायची रीत आहे. ठरलेलं असतं आणि विचारल्यासारखं सांगतात. तरी माझ्या अंदाजावर एवढी मोठी गोष्ट सोडायची नव्हती. मी डॉक्टरना सरळ विचारलं, तुम्ही यांची परवानगी मागता आहात का? त्या म्हणाल्या, नाही. हा वैद्यकीय निर्णय आहे, तो आम्ही घेतला आहे. त्यांच्या मनावर तो भार मी ठेवणार नाही.

"ते विचारत नाहीत, अण्णा," मी म्हटलं. "सांगताहेत. तुम्हांला हो म्हणावं लागणार नाही."

त्यांचे खांदे खाली आले. मग ते म्हणाले, "तिच्याशी बोलू दे म्हणावं."

जेनेट फोन घेऊन चालू लागली. छत, दिवे, दार, पडदा दिसला आणि मग सेल्वी. नळ्यांच्या मागे चेहरा सुजलेला, केस कुणीतरी विंचरून एका बाजूला घेतलेले. जेनेटनं फोन तिच्या कानाशी धरला.

"सेल्वी," मुरुगेसन म्हणाले. "अप्पा बोलतोय. आई इथेच आहे. घरी सगळं ठीक आहे. तू घाबरू नको." मग पुन्हा तेच म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे." त्यांनी सरोजाला हात करून जवळ बोलावलं. ती उठली नाही. भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. फोनकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

फोन बंद झाल्यावर मात्र ती माझ्याकडे वळली. "तुम्ही शिकवलंत म्हणून गेली," ती म्हणाली. ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात. "नापास झाली असती तर इथेच राहिली असती."

मुरुगेसन तिला गप्प करू लागले. मी त्यांना हातानंच थांबवलं. मी शिकवलं नसतं तर दुसऱ्या कोणी शिकवलं असतं, हे खरं आहे. पण ते त्या घरात बोलायचं वाक्य नव्हतं. पाणी प्यायले आणि बस धरली.

दुसऱ्या दिवशी तिथल्या सकाळी यंत्र थांबवलं. पार्थिव यायला बरेच दिवस लागले. तिरुचीच्या विमानतळावरून मुरुगेसन आणि त्यांचे भाऊ घेऊन आले आणि पापनाशमच्या नदीकाठी सगळं झालं. मी त्यांच्या घरी भेटून आले. सरोजा तेव्हाही बोलली नाही. वर्ग मी बंद केला होता. पण परीक्षेची तारीख घेतलेल्या मुली दारात येऊन उभ्या राहायच्या, त्यांना काय सांगणार? पुन्हा सुरू केला. फक्त नातेवाईकाचं काम मी सोडून दिलं. ते मुली आपसांतच करतात. मी बाजूला बसून चुका सांगते.

पुढच्या उन्हाळ्यात, एका शनिवारी दुपारी, वर्ग सुटल्यावर जिन्यात पावलं वाजली. सरोजा होती. एकटी, हातात कापडी पिशवी. बाकावर बसली, अगदी पुढच्या. घाम पुसला आणि म्हणाली, "टीचर, मला इंग्रजी शिकवा."

मी गोंधळले. तिनं सांगितलं ते असं. जेनेट महिन्यातून एकदा फोन करते. मुरुगेसन 'येस, थँक्यू' एवढं म्हणतात आणि अंगणात निघून जातात. त्यांना ऐकवत नाही. मग ती फोन घेते. जेनेट खूप बोलते, मध्येच रडते, सेल्वीचं नाव पुन्हा पुन्हा घेते. "माझी पोर तिथं दोन वर्षं कशी राहिली ते त्या बाईला माहीत आहे. मला नाही. ती सांगते, आणि मला कळत नाही."

शेवटचे दोन फोन तिनं शेजारच्या मुलीकडून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घेतले होते. तेच आमचं पाठ्यपुस्तक झालं. दर शनिवारी ती यायची, आम्ही थोडंथोडं ऐकायचो, थांबवायचो, पुन्हा ऐकायचो. आठवीपर्यंतची तिची इंग्रजी अक्षरं शाबूत होती. "'शी लुक्ड आफ्टर मी'," ती म्हणायची, "लुक म्हणजे पाहणं. आफ्टर म्हणजे नंतर. नंतर पाहिलं?"

"नाही. सांभाळलं. जेनेटचं ऑपरेशन झालं तेव्हा सेल्वीनं तिला सांभाळलं."

ती ते मनात ठेवून घ्यायची. पुढच्या खेपेला तोच शब्द आला की माझ्याआधी सांगायची. लेकीचा गुण होता की लेकीत आईचा उतरला होता, कोण जाणे.

मग तो भाग आला. मी आधी ऐकला नव्हता, नाहीतर तयारी केली असती. जेनेटचा आवाज भरून आला होता. "वुइ ऑल टोल्ड हर टु गो टु द डॉक्टर. शी केप्ट पुटिंग इट ऑफ. शी जस्ट कॅरीड ऑन." सरोजानं फोन थांबवला. "पुट म्हणजे ठेवणं. कॅरी म्हणजे उचलून नेणं. काय ठेवलं? काय उचललं?"

तिच्यासमोर खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. तिनं दुसऱ्या कोणाला तरी विचारलंच असतं. "सगळे तिला म्हणत होते, डॉक्टरकडे जा. ती पुढे ढकलत राहिली. दुखत असताना काम करत राहिली."

"किती दिवस?"

"ते जेनेटनं सांगितलेलं नाही."

सरोजा खिडकीबाहेर बघत होती. "घरीही अशीच होती," ती म्हणाली. "अंगात ताप असायचा आणि शाळेला निघायची. मी कौतुक करायचे. सगळ्यांना सांगायचे, माझी पोर एक दिवस शाळा चुकवत नाही." त्या दिवशी ती लवकर गेली, आणि मला वाटलं, आता यायची नाही.

पुढच्या शनिवारी आली. म्हणाली, "मला जेनेटला एक विचारायचंय. मी स्वतः विचारणार. तुम्ही फक्त जवळ बसा." प्रश्न काय ते तिनं मला आधी सांगितलं. तिला वाटेल ते वाक्य मी करून दिलं असतं, पण तिनं आपलंच जुळवलं होतं, आणि ते बरोबर होतं. आम्ही जेनेटला निरोप धाडला आणि रविवारी दुपारी माझ्या माडीवरून फोन लावला. जेनेट आपल्या स्वयंपाकघरात बसली होती. मागे किटली दिसत होती. सरोजाला पाहून तिनं हात हलवला. सरोजानंही हलवला. मग पदर सारखा करून, एक एक शब्द सुटा सुटा ठेवत, ती म्हणाली, "जेनेट. लास्ट डे. माय डॉटर. डिड शी हॅव पेन?"

जेनेटनं क्षणभर खाली पाहिलं. कप उचलला आणि न पिता पुन्हा ठेवला. मग सरळ पडद्याकडे बघत म्हणाली, "नो."

"थँक्यू," सरोजा म्हणाली. आणि फोन बंद झाला.

मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "टीचर, त्या 'नो'च्या मागे काही लागलेलं नव्हतं ना? अर्थ बदलणारं?"

"नाही," मी म्हटलं. "नुसतं नो."

तिनं मान हलवली, पिशवी उचलली आणि कठड्याला धरून जिना उतरू लागली.